सामाईक भिंत

धुळ्याला बंद गिरणीच्या मागे जी तिसरी गल्ली,
तिथे माझं काम टेप धरायचं.
संस्थेचा फॉर्म पिवळा. एका घराला एक.
छत, भिंती, मोरी, दार, वीज,
आणि खाली मोठा चौकोन :
आधीचा फोटो इथे चिकटवा.

सुपडू मिस्तरी भिंतीला कान लावायचे,
बोटाच्या पेराने वाजवून सांगायचे,
ही जित्ती शे. ही पोकय शे.
मी लिहायचो :
समाधानकारक. असमाधानकारक.

कोकिळाबाई शिरसाठांचं घर धाब्याचं.
सासरे गिरणीत लागले तेव्हा गावाकडून
सर आणले, कड्या आणल्या,
गाडीभर खारी माती आणली
आणि शहरात येऊन एक खेडं
डोक्यावर पसरून घेतलं.
दरसाल नवा थर. मग गिरणी थांबली, थरही.
आता साण्यातून ऊन येतं, ते ठीक,
पण साणं नाही तिथूनही येतं.

फोटोच्या दिवशी गेलो
तर ओटा सारवलेला,
भांडी चिंचेने घासून फळीवर,
ढासळलेल्या कोपऱ्यावर लग्नातली सतरंजी.
"लोके दूरथीन पैसा धाडतस," त्या म्हणाल्या,
"त्यासले घर चांगलं दखाडाले नको का?"

पुण्याहून उत्तर आलं, दोनच वाक्यांचं.
फोटो पुन्हा पाठवा.
यात गरज दिसत नाही.

पुन्हा गेलो. काय बोलायचं ते
सायकलवर तीनदा पाठ केलं.
सतरंजीकडे हात नेला, मागे घेतला.
म्हटलं, निदान भेग मोजू,
आणि तिच्यात टेप सरकवला.
सहा इंच. फूट. दीड फूट.
मग पलीकडून
कुणीतरी त्याचं टोक धरलं.

"अरे, ये किसका फीता है?"

रुकय्याबी अन्सारी. त्यांचा माग
भिंतीला लागूनच. दिवसरात्र खटखट,
आणि प्रत्येक खटक्याला चिमूटभर माती
इकडच्या पिठात.
तक्रार लिहू का, विचारलं
तर कोकिळाबाई चिडल्याच :
"तिना माग वाजना नही त माले झोप येत नही."

फॉर्मवर मालकाचं नाव, रेघ एकच.
मी दोन नावं दाटीवाटीने बसवली.
फॉर्म परत. एका कामाला एकच लाभार्थी.
सुपडू मिस्तरींनी तो वाळूवर ठेवला,
उडू नये म्हणून वर थापी ठेवली.
"अर्धी भित कव्हय उभी ऱ्हास का?"

शेवटी दोन फॉर्म केले.
पाच फूट हिच्या नावे, पाच फूट तिच्या.
खोटं होतं की खरं,
अजून मला नीट सांगता येत नाही.

जुनी भिंत उतरवली. आठ दिवस
चुलीवरून माग दिसायचा,
मागावरून चूल.
कळण्याच्या भाकरीवर सुताची बारीक लव.
पोरं या दारातून शिरून त्या दारातून बाहेर,
चव्वेचाळीस डिग्रीत
दोन घरांमधून सरळ वाहणारा वारा,
जो कुठल्याच रकान्यात मागितला नव्हता.

भिंत छातीपर्यंत आली तेव्हा
दोघी काहीतरी कुजबुजल्या मिस्तरींशी.
ते हसले. मला म्हणाले, चहा पी जा.

नंतरचा फोटो पुण्याला आवडला.
पांढरी, ओळंब्यात, सरळ भिंत.
तिसऱ्या थरात डावीकडे
एक वीट चुन्याशिवाय नुसतीच बसवलीय,
दुपारी निघते, ठेच्याची वाटी जाते, परत बसते.
फोटोत ती ओळखू येत नाही.
मी दोनदा पाहिला.

गल्लीत घरं एक्केचाळीस. झाली नऊ.
निधी मार्चअखेर संपला,
पिवळे फॉर्म माझ्या खाटेखाली आहेत,
वरच्याला वाळवी लागलीय थोडी.

सुपडू मिस्तरी अजून त्याच वाटेने घरी जातात,
सवयीने भिंती वाजवत.
परवा म्हणे एका पोकळ भिंतीतून
कुणीतरी उलट वाजवलं.